मृत्युपत्र होतं, पण सही करणारा माणूस बेशुद्ध होता

हे प्रकरण कुठल्याही एका घराचं नाही. पुणे परिसरातल्या मध्यमवर्गीय, स्वतःचा छोटा धंदा असलेल्या घरांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी इथे एका कुटुंबात मांडल्या आहेत. रकमा प्रातिनिधिक आहेत, कायदा मात्र आज लागू असलेला आहे.

गृहस्थ 61 वर्षांचे. भोसरीत भाड्याच्या गाळ्यात सुटे भाग बनवण्याचं वर्कशॉप, 11 कामगार, धंदा एकट्याच्या मालकीचा. पत्नी 56 वर्षांची, घर सांभाळणारी. मुलगा 27 वर्षांचा, वडिलांबरोबर वर्कशॉपमध्ये. मुलगी लग्न होऊन कॅनडात. गृहस्थांची आई 84 वर्षांची, त्यांच्याचकडे राहणारी. सिंहगड रस्त्यावर राहता फ्लॅट, दोघांच्या नावावर. पिंपळे सौदागरमध्ये 2016 साली घेतलेला दुसरा फ्लॅट, एकट्यांच्या नावावर. 18 लाखांची एक एफडी पत्नीबरोबर संयुक्त, म्युच्युअल फंड आणि डीमॅट एकट्यांच्या नावावर, 50 लाखांचा टर्म विमा, 5 लाखांची मेडिक्लेम. सातारा जिल्ह्यात वडिलोपार्जित दोन एकर जमीन.

कागदपत्रांच्या बाबतीत घर जागरूकच म्हणायचं. 2011 साली नोंदणी केलेलं मृत्युपत्र होतं. 2019 साली मुलाच्या नावे नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) होतं. बहुतेक खात्यांना नॉमिनी होते. ‘आमचं सगळं झालेलं आहे’ असं हे कुटुंब म्हणू शकलं असतं, आणि म्हणतही होतं.

एका सकाळी गृहस्थांच्या मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव झाला. 19 दिवस ते अतिदक्षता विभागात बेशुद्ध होते.

पहिले 19 दिवस

मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलतं. नॉमिनीचा हक्कही माणूस गेल्यावरच सुरू होतो. माणूस जिवंत आहे पण सही करू शकत नाही, या मधल्या अवस्थेसाठी घरात एकही चालणारा कागद नव्हता. कुलमुखत्यारपत्र त्यासाठीच केलं होतं अशी सगळ्यांची समजूत होती, आणि नेमकी तीच चुकीची निघाली.

मुलगा कुलमुखत्यारपत्र घेऊन बँकेत गेला आणि वडील बेशुद्ध आहेत हे त्याने सरळ सांगितलं. बँकेने व्यवहार थांबवला. बँकेचं वागणं तुसडं वाटलं तरी कायद्याला धरून होतं. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 201 प्रमाणे अधिकार देणारा मरण पावला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की दिलेला अधिकार संपतो. ‘मी अक्षम झालो तरी हे पत्र चालू राहील’ असं वाक्य घातलं तरी आपल्याकडे त्याला आधार नाही. परदेशी नमुन्यावरून उतरवलेल्या कागदांत ते वाक्य हमखास सापडतं. अवस्था लपवून व्यवहार करणं त्याहून वाईट, कारण उद्या वारसांमध्ये वाद झाला की तो प्रत्येक व्यवहार उकरला जातो आणि मुलगाच आरोपी ठरतो.

मग उरतो न्यायालयाचा रस्ता. कोमातल्या प्रौढ माणसासाठी पालक नेमण्याचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. केरळ उच्च न्यायालयाने 2019 साली अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयानेही कोमातल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलेलं आहे. वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी, इतर वारसांची संमती हे सगळं गोळा करून आदेश हातात पडेपर्यंत कितीही घाई केली तरी आठवडे जातात. कामगारांचा पगार 7 तारखेला असतो.

पगाराचं निभावलं ते ड्रॉवरमधल्या आधीच सही केलेल्या दोन कोऱ्या चेकांवर. हा उपाय कुणालाही सुचवण्यासारखा नाही. जीएसटीचं 3-बी विवरण 20 तारखेला भरायचं होतं, पण ओटीपी वडिलांच्या फोनवर येणार आणि फोन त्यांच्या बोटाशिवाय उघडत नव्हता. चार्जिंग संपून तो बंद पडला. परत चालू केल्यावर असा फोन आधी पिन मागतो, बोट मागत नाही, आणि पिन फक्त त्यांनाच ठाऊक होता.

एफडीची गोष्ट सर्वांत अनपेक्षित. ती ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ होती, म्हणजे कुणीही एक जण मोडू शकेल असं पत्नीला वाटत होतं. मुदत संपल्यावर पैसे घ्यायला एकाची सही चालते. मुदतीपूर्वी मोडायची तर दोघं हयात असताना दोघांच्याही सह्या लागतात. रुग्णालयाचं बिल 9 लाख 40 हजारांवर गेलं, मेडिक्लेममधून 5 लाख आले, संयुक्त बचत खात्यात 1 लाख 85 हजार होते. ते बचत खातं हीच त्या 19 दिवसांत नीट चाललेली एकमेव व्यवस्था. उरलेले 2 लाख 55 हजार नातेवाइकांकडून घेतले, आणि 18 लाख बँकेत तसेच पडून राहिले.

उपचारांच्या निर्णयांतही गोंधळ झाला. श्वासनलिकेला छेद द्यायचा का, व्हेंटिलेटर किती दिवस ठेवायचा, यावर आई आणि पत्नी यांची मतं उलटी होती. गृहस्थांना स्वतःला काय हवं होतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

विसाव्या दिवशी ते शुद्धीवर आले. उजवी बाजू लुळी, बोलणं अडखळत, पण समज शाबूत. इथे एक तरतूद फार कामाला येते. आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो. तो दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. बँकेचा अधिकारी रुग्णालयात आला, डॉक्टर दुसरे साक्षीदार झाले, एफडी मोडली. अट एकच, माणूस शुद्धीवर हवा आणि त्याला कशावर अंगठा देतोय ते कळत असावं.

ते त्या 19 दिवसांत गेले असते तर

घरी आल्यावर 2011 चं मृत्युपत्र बाहेर काढलं. ‘राहता फ्लॅट आणि अमुक क्रमांकाची मुदतठेव पत्नीस’ एवढाच त्याचा गाभा. ती ठेव 2014 सालीच बंद झालेली. राहत्या फ्लॅटमध्ये अर्धा वाटा पत्नीचाच, त्यामुळे देण्यासारखा फक्त त्यांचा अर्धा. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणून नेमलेला धाकटा भाऊ 2019 साली वारला. मुलांचा पालक नेमण्याचं कलम होतं, आणि मुलगी आता स्वतः आई झालेली. पिंपळे सौदागरचा फ्लॅट, फंड, डीमॅट, धंदा यांचा उल्लेख नाही, आणि ‘यात न आलेली उरलेली सर्व मालमत्ता’ हे कलमही नाही.

ज्या मालमत्तेबद्दल मृत्युपत्र गप्प, तिथे हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 लागतो. पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई, चौघांना समान वाटा. आईचा वाटा बहुतेक घरांत कुणाच्या डोक्यातच नसतो. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटचा चौथा हिस्सा आजींचा झाला असता, आणि आजी मृत्युपत्र न करता गेल्या असत्या तर तो चौथा हिस्सा त्यांच्या चार मुलांच्या शाखांत वाटला गेला असता: गृहस्थांची मुलं, दिवंगत भावाची मुलं आणि दोन बहिणी. म्हणजे फ्लॅटचा 3/16 हिस्सा भाऊ-बहिणींच्या घरांत. नात्यांत वाईटपणा नसतानाही विक्रीच्या दस्तावर त्या सगळ्यांच्या सह्या लागल्या असत्या.

नॉमिनी आहेत म्हणून हे टळलं नसतं. शेअर आणि डीमॅटच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं की नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांसाठी रक्कम स्वीकारतो. गृहनिर्माण संस्थेतही तसंच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली आलेल्या कलम 154 बी-13 नंतर नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं, मालकीचा प्रश्न वारसाहक्काने सुटतो. अपवाद विम्याचा. 2015 च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. या घरात टर्म विम्याची नॉमिनी लग्नाआधीच्या सवयीने आईच राहिली होती, म्हणजे 50 लाख थेट आजींच्या नावावर आणि पुढे पुन्हा तोच फाटा.

नवी मांडणी, तीन महिन्यांनी

घाईत दवाखान्यातच मृत्युपत्र करून घ्यावं असा आग्रह एका नातेवाइकाचा होता. तो मानला नाही ते बरं झालं. मेंदूच्या आजारानंतर लगेच केलेलं मृत्युपत्र न्यायालयात ज्या एका मुद्द्यावर हलतं तो म्हणजे क्षमता. तीन महिन्यांत बोलणं पुरेसं सुधारलं, तेव्हा काम हाती घेतलं.

त्या दिवशीच्या तयारीचे बारकावे असे. न्यूरोलॉजिस्टचा दाखला त्याच तारखेचा. आठवड्यापूर्वीचा दाखला आठवड्यापूर्वीची क्षमता सांगतो. दाखल्यात ‘फिट आहे’ एवढंच न लिहिता, आपली मालमत्ता आणि वारस कोण हे त्यांनी स्वतः सांगितलं, असं नमूद केलं. मसुदा मराठीत, त्यांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि ‘वाचून दाखवला, समजला, मान्य’ अशी नोंद शेवटी घातली. उजव्या हाताने सही होत नव्हती, म्हणून डाव्या हाताची सही आणि शेजारी अंगठा, प्रत्येक पानावर. सही किंवा खूण, दोन्ही कायद्याला चालतं. व्हिडिओ केला, तो पूरक पुरावा म्हणून. नुसता व्हिडिओ म्हणजे मृत्युपत्र होत नाही.

साक्षीदार दोन हवेत, आणि प्रत्येकाने त्यांना सही करताना पाहिलेलं असावं किंवा ‘ही माझीच सही’ असं त्यांच्या तोंडून ऐकलेलं असावं. एक फॅमिली डॉक्टर, दुसरा सोसायटीतला चाळिशीचा शेजारी. दोघंही वयाने लहान, पत्ता टिकून राहील असे, आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे. वाद झाला तर निदान एक साक्षीदार न्यायालयात उभा करावा लागतो, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या मामांना साक्षीदार करण्यात आदर असला तरी उपयोग नाही.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, साध्या कागदावर चालतं आणि नोंदणी ऐच्छिक आहे. तरी इथे नोंदणी केली, कारण आजारपणाची पार्श्वभूमी होती. प्रवास जमत नसेल तर कारण दाखवून दुय्यम निबंधकांना घरी येण्याची विनंती करता येते. नोंदणी म्हणजे कवच नव्हे. नंतरचं बिननोंदणीचं मृत्युपत्रही नोंदलेलं जुनं रद्द करू शकतं. म्हणून पहिलंच वाक्य 2011 च्या दस्ताचा क्रमांक देऊन तो रद्द करणारं आहे.

मजकुरात सर्वांत जास्त वेळ तीन कलमांवर गेला.

उरलेल्या मालमत्तेचं कलम: ‘वर उल्लेख न झालेली, यापुढे मी मिळवीन ती, आणि वरीलपैकी कोणतीही देणगी निष्फळ ठरल्यास तीही, माझ्या पत्नीस.’ शेवटचा तुकडा विसरला जातो. मृत्युपत्रात ज्याला दिलं तो आधी वारला तर ती देणगी सहसा निष्फळ ठरते (मुलं-नातवंडांसाठी कायद्यात वेगळी सोय आहे) आणि मालमत्ता परत वारसाहक्काच्या वाटणीत जाते.

एकाच अपघाताचं कलम. पती-पत्नी एकाच गाडीत असतात. कोण आधी गेलं हे ठरवता येत नसेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचं कलम 21 वयाने लहान असलेली व्यक्ती मागे राहिली असं धरतं. पण दवाखान्याच्या नोंदीत तासाभराचा फरक दिसला तर ते गृहीतक गळून पडतं. म्हणून लिहिलं: ‘पत्नी माझ्या मृत्यूनंतर 30 दिवस हयात असल्यास तिला, अन्यथा मुलगा व मुलगी यांना समान.’ 2021 च्या कोविडकाळात आठवड्याभरात दोघंही गेलेली घरं आठवली की 30 दिवस जास्त वाटत नाहीत.

तिसरं आजींचं. त्यांना मालकी देण्याऐवजी हयातभर राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि दरमहा ठरावीक रक्कम दिली. इथे शब्द जपून वापरावे लागतात. हिंदू स्त्रीला पोटगीच्या हक्कापोटी दिलेली मर्यादित मालमत्ता त्याच अधिनियमाच्या कलम 14 खाली पूर्ण मालकीची होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली ते पक्कं केलं आहे. म्हणून ‘ताबा’, ‘उपभोग’ असे सैल शब्द टाळून फक्त राहण्याची परवानगी आणि रक्कम देण्याची जबाबदारी कुणाची, एवढंच लिहिलं. आजींचंही स्वतंत्र मृत्युपत्र केलं. पत्नीचंही केलं, तिच्या माहेरून आलेलं सोनं आणि फ्लॅटचा अर्धा हिस्सा आजवर कुठेच लिहिलेला नव्हता.

मृत्युपत्रात कुणाला काय द्यायचं याचा इतका मोकळेपणा महाराष्ट्रात आहे. गोव्यातल्या कुटुंबाला तो नाही, तिथे सक्तीच्या वारसांचा अर्धा हिस्सा मृत्युपत्राने काढून घेता येत नाही.

एक्झिक्युटर मुलगा, आणि तो करू शकला नाही तर मुलगी. परदेशातल्या व्यक्तीला पहिला एक्झिक्युटर करू नये असा नियम नाही, पण महिनाभर रजा काढून कोण येणार हा प्रश्न आधी विचारावा. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती पुण्यातल्या मृत्युपत्राला नाही, त्यामुळे तो खर्च गृहीत धरला नाही.

जिवंतपणीच्या आणीबाणीसाठी

खरी दुरुस्ती इथेच हवी होती. कुलमुखत्यारपत्र टिकणार नसेल तर सहीचा अधिकारच आधीपासून दोघांच्या हातात असला पाहिजे.

धंदा एकट्याच्या मालकीतून काढून भागीदारी केली, गृहस्थ, पत्नी आणि मुलगा अशा तिघांची. दोघांचीच भागीदारी एक गेल्यावर आपोआप संपते, करारात काहीही लिहिलं तरी. एकटा माणूस भागीदारी चालवू शकत नाही. तिघं असले आणि ‘एका भागीदाराच्या मृत्यूने वा अक्षमतेने संस्था विसर्जित होणार नाही’ असं कलम असलं की ती टिकते. चालू खातं कुणाही एकाच्या सहीवर, ठरावीक रकमेपलीकडे दोघांच्या. नव्या जीएसटी नोंदणीत मुख्य अधिकृत स्वाक्षरीकर्ता मुलगा.

18 लाखांच्या एका एफडीऐवजी 3-3 लाखांच्या सहा, आणि प्रत्येकीला मुदतीपूर्वी एकाच्या सहीने मोडता येईल अशी दोघांनी दिलेली लेखी सूचना. ही सूचना बँकेने नोंदवल्याची पोच घ्यायची, नुसता अर्ज टाकून यायचं नाही. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम संयुक्त बचत खात्यात.

नॉमिनी सगळीकडे पुन्हा तपासले. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींना चार नॉमिनी ठेवता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक; लॉकरला फक्त एकामागून एक. म्युच्युअल फंड आणि डीमॅटला दहापर्यंत. नॉमिनी आणि मृत्युपत्रातला लाभार्थी शक्यतो एकच ठेवला. सोसायटीला नमुन्यातला नामनिर्देशन अर्ज तीन प्रतींत दिला आणि कमिटीने नोंद केल्याची प्रत मागून घेतली. डाव्या हाताची सही बँकेकडून प्रमाणित करून फंड आणि डीमॅटला कळवली. हे राहिलं असतं तर पुढचा प्रत्येक अर्ज ‘सही जुळत नाही’ म्हणून परत आला असता.

उपचारांबाबतचं पूर्वनिर्देशपत्र (लिव्हिंग विल) केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने त्याला मान्यता मिळाली. तेव्हाची न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जाण्याची अट 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने गेली. आता दोन स्वतंत्र साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. निर्णय कोण सांगेल त्यांची नावं घातली, आधी पत्नी, मग मुलगी. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. हे पत्र असलं तरी व्हेंटिलेटर एका माणसाच्या शब्दावर निघत नाही. रुग्णालयातल्या डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ आणि मग दुय्यम मंडळ, दोन्हींचं मत लागतं. आई आणि पत्नीला मात्र आता गृहस्थांच्या मनात काय होतं याचा अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

सगळ्याची एक फाइल. पहिल्या पानावर मेडिक्लेम क्रमांक, सीएचा नंबर, कुठल्या बँकेत काय, मूळ मृत्युपत्र कुठे. पासवर्ड फाइलमध्ये नाहीत, फोनचा पिन बंद पाकिटात, पाकिटावर दोघांच्या सह्या. मूळ मृत्युपत्र पूर्वी एकट्यांच्या नावाच्या लॉकरमध्ये होतं, म्हणजे ते मिळवायला आधी मृत्यूचा दाखला आणि लॉकरचा दावा. आता लॉकर संयुक्त आहे.

फेरतपासणी

दरवर्षी एप्रिलमध्ये, सीएला कागद देताना, यादी एकदा ताडून पाहायची. मधेच थांबायचं ते या प्रसंगी: घर घेतलं वा विकलं, कुणी जन्मलं, लग्न झालं, एक्झिक्युटर किंवा साक्षीदार वारला, कुणाचं नागरिकत्व बदललं. मुलाचं लग्न ठरतंय, आणि त्याचा भविष्य निर्वाह निधी (ईपीएफ) एका जुन्या नोकरीचा आहे. लग्नाआधी केलेलं ईपीएफ नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द होतं, ते नव्याने भरावं लागेल.

एखाददुसरा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र, त्याच दोन साक्षीदारांच्या पद्धतीने. तीनपेक्षा जास्त बदल झाले की नवंच करावं. मूळ प्रतीवर पेनाने खाडाखोड करून बाजूला सही करणं हा सर्रास दिसणारा प्रकार. साक्षीदारांशिवाय केलेल्या त्या बदलाला किंमत शून्य.

साताऱ्याच्या जमिनीचं काम अजून अर्धवट आहे. सातबारावर 2008 साली वारलेल्या वडिलांचंच नाव होतं. वारस नोंदीचा अर्ज दिला, त्यात आजी, गृहस्थ, दोन्ही बहिणी आणि दिवंगत भावाची पत्नी व मुलं, सगळ्यांची नावं घातली. बहिणींची नावं ‘त्या कुठे मागतायत’ म्हणून गाळण्याचा सल्ला गावातून आलाच होता. तसा फेरफार पुढे हमखास रद्दबातल ठरतो. नोटिशीनंतर 15 दिवस हरकतींसाठी असतात, आणि त्यात भावाच्या पत्नीने हिश्शाबद्दल हरकत घेतली आहे. ती मंडळ अधिकाऱ्यांपुढे आहे. तोवर मृत्युपत्रात गट क्रमांक देऊन ‘या जमिनीत माझा जो काही हिस्सा निघेल तो मुलगा व मुलगी यांना समान’ असं लिहून ठेवलं आहे. फेरफार मंजूर झाला की पुरवणी मृत्युपत्राने क्षेत्रफळ घालायचं.